सोळा सोमवार कशासाठी होते, ते आधी आईला विचारा

वाचकाचे पत्र (थोडक्यात):

मी मूळचा सांगलीचा. वय २७. पुण्यात नोकरी करतो आणि गेली सहा वर्षे एका हौशी नाट्यसंस्थेत काम करतो. मी समलिंगी आहे, आणि आमच्या घरात मी कसा वाढलो यावर मी सव्वा तासाचा एकपात्री प्रयोग लिहिला आहे. वडील एसटीत कंडक्टर होते, नुकतेच निवृत्त झाले. आई घरी शिवणकाम करते. २०१७ च्या मे महिन्यात मी दोघांना सगळे सांगितले. वडील दुसऱ्या दिवशी मुक्कामाच्या गाडीवर गेले आणि परत आल्यावर म्हणाले, “तू आमचाच आहेस. बाकीचं आपण शिकून घेऊ.” समलिंगी संबंध गुन्हा नाहीत या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची बातमी आलेले ७ सप्टेंबर २०१८ चे कात्रण त्यांनी आपल्या जुन्या तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले आहे. माझा प्रयोग त्या कात्रणावर संपतो.

दिग्दर्शक म्हणतो, यात संघर्षच नाही. बापाने निदान एक मुस्काटात तरी ठेवून द्यायला हवी, नाहीतर लोक तिकीट कशासाठी काढतील? संस्थेतल्या ज्या मित्राला विसाव्या वर्षी घर सोडावे लागले, तो वाचन ऐकून एवढेच म्हणाला, “तुझं बरंय रे.” तेव्हापासून मला अपराधी वाटते आहे. धाकट्या बहिणीसाठी स्थळे पाहणे चालू आहे, म्हणून आई म्हणते, पुण्यात कर, सांगलीत नको. वडील मात्र पहिल्या रांगेत बसायचे म्हणतात, आणि तेही पास न घेता, तिकीट काढून. अकरावीतल्या एका मित्राचाही एक प्रवेश आहे. त्याचे नाव मी बदलले आहे. त्याचे आता लग्न झाले आहे.

ता. क. त्याच वर्षी वडिलांनी मला मिरजेला एका डॉक्टरांकडे नेले होते आणि आईने सोळा सोमवार धरले होते. हे प्रयोगात घेतलेले नाही, कारण लोकांचा त्यांच्याबद्दल गैरसमज होईल.

उत्तर:

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही सहीच्या खाली, ताजा कलम म्हणून लिहिली आहे. पानभर तुम्ही दिग्दर्शकाची तक्रार सांगता, की नाटकात काही घडत नाही. आणि शेवटी, जागा उरली म्हणून लिहावे तशा दोन ओळींत, जे घडले होते ते सांगून ते आपण वगळल्याचेही कळवता. तेव्हा तुमच्या दिग्दर्शकाला काहीतरी कमी वाटते आहे, यात त्याची चूक नाही. ती उणीव कशाने भरायची, याबाबत मात्र तो पूर्णपणे चुकला आहे. न मारलेली मुस्काटात रंगमंचावर मारून दाखवली, तर आत्मकथन म्हणून लिहिलेल्या प्रयोगातला एकमेव खोटा क्षण सर्वांत मोठ्या आवाजाचा होईल, आणि पहिल्या रांगेत तिकीट काढून बसलेल्या माणसाला तो पाहावा लागेल. हा बदल करू नका. यावर मतदान घेण्याचीही गरज नाही.

पण दिग्दर्शकाला हे का सुचले, तेही पाहायला हवे, कारण ते त्याच्या एकट्याच्या डोक्यातून आलेले नाही. आपल्या रंगभूमीने बालगंधर्वांना डोक्यावर घेतले, त्यांच्या शालूंची आणि दागिन्यांची नक्कल घराघरांतल्या बायकांनी केली. मात्र बायकी चालीच्या पुरुषासाठी तमाशाने आणि सिनेमाने जागा ठेवली ती नाच्याची, म्हणजे हशा वसूल करण्याची. हसू ओसरले तेव्हा शोकांतिका आली. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आले, रोहिणी हट्टंगडी यांनी त्यातली मित्रा उभी केली, आणि त्या काळात एका स्त्रीचे स्त्रीवरचे प्रेम मराठी प्रेक्षकांसमोर मांडणे हे धाडसच होते. परंतु मित्राच्या वाट्याला अखेर मरणच येते. पुढे चेतन दातार यांनी ‘एक माधव बाग’ लिहिताना आईला मध्यभागी आणले, आणि मोना आंबेगावकर यांनी ते वाचून दाखवले तेव्हा अनेक आयांना आपल्या मुलांशी बोलायला निमित्त मिळाले. ही वाट तिथून पुढे जाते. तरीही समलिंगी माणूस म्हटले की एकतर विनोद नाहीतर विष, ही सवय आपल्या तालमीच्या खोल्यांमधून गेलेली नाही, आणि तुमच्या दिग्दर्शकाची सूचना त्या सवयीतूनच आली आहे. त्याच्यावर रागावू नका. त्याला ताजा कलम वाचायला द्या.

आता मिरजेच्या डॉक्टरांविषयी. वडिलांनी तुम्हाला डॉक्टरांकडे नेले, हे सांगितले तर लोक त्यांना प्रतिगामी समजतील, अशी तुम्हाला भीती आहे. माझ्या मते उलटेच होईल. दुसऱ्याच दिवशी शहाणपणाचे वाक्य बोलणारा बाप प्रेक्षकाला आवडतो, पण तो आपल्या घरातला वाटत नाही. तो भिंतीवरच्या तसबिरीसारखा वाटतो. जो बाप आधी घाबरला, मुलाला घेऊन अर्ध्या तासाच्या वाटेवर मिरजेला गेला, आयुष्यभर ज्या गाडीत उभे राहून तिकिटे फाडली तिच्यात त्या दिवशी मुलाशेजारी गप्प बसून राहिला, आणि मग परत येताना काहीतरी ठरवून आला, तो बाप प्रेक्षक ओळखतात. परतीच्या वाटेवर तुम्ही दोघे काय बोललात? खिडकीशी कोण बसले होते? डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर थांबवून वडिलांना एकट्याला काही सांगितले का? यातले काहीही तुम्ही लिहिलेले नाही, आणि माझा अंदाज असा, की तुम्ही ते स्वतःशीही फारसे आठवलेले नाही.

त्या भेटीत धोकाही होता, तो प्रेक्षकांना कळू द्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले होते. तरीही ‘मुलगा सुधारून देतो’ म्हणणारे दवाखाने २०१७ मध्ये आपल्याकडे होते, आणि असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट केले ते २०२२ मध्ये. म्हणजे तुमच्या वडिलांनी नकळत तुम्हाला अशा दारापर्यंत नेले होते, की आत वेगळा माणूस बसलेला असता तर तुमची गोष्ट दुसऱ्याच दिशेने गेली असती. डॉक्टर भले निघाले आणि तुम्ही तसेच्या तसे घरी आलात, यात वडिलांचे प्रेम होते तसे नशीबही होते. प्रेमाबरोबर नशिबाचाही हिशेब मांडलात, तर तुमच्या त्या मित्राच्या तीन शब्दांनाही आपोआप काही उत्तर मिळेल. त्याकडे मी पुढे येते.

आधी आईचे सोळा सोमवार.

तुम्ही ज्या घरात वाढलात तिथे हे व्रत सांगून समजवावे लागत नाही. श्रावणात पहिला सोमवार धरायचा, सोळा आठवडे मोडायचा नाही, आणि सतराव्या सोमवारी उद्यापन करायचे. मेमध्ये तुम्ही सांगितले, त्या वर्षीच्या श्रावणात तिने व्रत धरले असेल, तर उद्यापन दिवाळीनंतर, कार्तिकात झाले असणार. म्हणजे जवळजवळ चार महिने, दर सोमवारी, मशीनवर दुसऱ्यांचे ब्लाउज शिवता शिवता ती एक इच्छा मनात धरून होती. सतराव्या सोमवारी चुरमा झाला असेल, तो तुम्हीही हात पुढे करून घेतला असेल. कोणत्या मागणीचा प्रसाद तुम्ही खाल्लात, हे तुम्हाला आठ वर्षांनंतरही ठाऊक नाही. एकपात्री लिहिणाऱ्याच्या हाती यापेक्षा मोठे काही क्वचितच लागते, आणि तुम्ही ते आईची अब्रू राखण्यासाठी वगळले!

तेव्हा माझा पहिला सल्ला हा, की संहितेला हात लावण्याआधी सांगलीला जा आणि तिला विचारा. वही घेऊन बसू नका, मोबाइलवर रेकॉर्डिंग करू नका, आणि ‘नाटकासाठी हवे आहे’ असे म्हणू नका, कारण मग ती तुम्हाला नाटकात शोभेल असे उत्तर देईल. ती काजं-बटणं करत असेल तेव्हा सुईत दोरा ओवून द्यायला बसा आणि विचारा. कदाचित ती म्हणेल, की पोराला कोणी त्रास देऊ नये एवढेच मागितले. कदाचित म्हणेल, मला हे समजू दे असे मागितले. आणि कदाचित, फार वेळ गप्प राहून, ती म्हणेल की तू बदलावास म्हणून धरले होते. या तिसऱ्या उत्तराची तुम्हाला भीती वाटते, म्हणूनच तुम्ही आजवर विचारलेले नाही, असे मला वाटते. तसे असेल तर ऐकून घ्या. तुम्ही बदलावे म्हणून सोळा सोमवार उपाशी राहिलेली बाई सतराव्या सोमवारी देवाने काही दिलेले नाही हे पाहते, आणि तरीही तिच्या घरातले तुमचे ताट जागचे हलत नाही. त्यानंतरच्या वर्षात केव्हातरी तिने देवाकडे मागणे सोडून तुमच्याशी बोलणे सुरू केले असणार. तो दिवस कोणता होता, ते शोधा. तो तुमच्या नाटकाचा मध्यबिंदू आहे.

तिने उत्तर देण्याचे नाकारले, तर? तेही रंगमंचावर सांगता येते. आपल्याकडचा सगळ्यांत जुना एकपात्री कलाकार म्हणजे कीर्तनकार. तो उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागात, आख्यान लावतो तेव्हा खांद्यावरचे उपरणे डोक्यावरून घेतले की यशोदा होते, कमरेला गुंडाळले की कृष्ण होतो; पण मध्येच आख्यान थांबवून तो श्रोत्यांकडे वळतो आणि “इथं माउलीच्या मनात काय आलं असेल, बुवा, आम्हाला काय ठाऊक?” असेही विचारतो. हे थांबणे तुम्ही शिकून घ्या. तुमच्या संहितेत तुम्ही सर्वज्ञ आहात, आणि आपल्याच घराबद्दल कोणीही सर्वज्ञ नसतो.

वडिलांच्या मुक्कामाच्या रात्रीलाही हेच लागू होते. तुम्ही सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी ते ड्युटीवर गेले, कुठल्या तरी गावात गाडी लावून ड्रायव्हरबरोबर रात्र काढली, पहाटे पहिल्या फेरीची तिकिटे फाडत परत आले, आणि मग ते वाक्य बोलले. जाताना त्यांच्याजवळ ते वाक्य नव्हते. त्या रात्री ते एकटेच जागे होते, की ड्रायव्हरशी काही बोलले? दिवसभर शेकडो अनोळखी माणसांना जागा करून देणारा, गर्दीत “पुढे सरका, पुढे सरका” म्हणणारा हा माणूस. त्याला त्या रात्री काय काय आठवले असेल? तुमच्या संहितेत गाडी जाते आणि पुढच्याच ओळीत परत येते. मी दिग्दर्शक असते, तर प्रयोगातली दहा मिनिटे त्या रात्रीला दिली असती, आणि त्यातली निम्मी अंधारात.

सादरीकरणाबद्दल दोनच गोष्टी बोलते, कारण ते तालमीत ठरायचे असते. मी बरीच वर्षे प्रायोगिक नाटकांच्या विंगेत प्रॉम्प्टिंग केले आहे, आणि तिथून पाहिलेले सांगते: वडिलांचा आवाज घोगरा काढून, पोट पुढे काढून त्यांची नक्कल करू नका. पहिल्या मिनिटाला हशा येईल, आणि मग त्या हशातून वडिलांना पुन्हा गंभीर करता करता तुमची दमछाक होईल. तिकिटांची पत्र्याची पेटी तुमच्याजवळ आहे. ती काखेत आली की वडील आले, खाली ठेवली की तुम्ही, एवढे पुरेसे आहे. आणि कंडक्टरची घंटा: एक टोल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. आमच्या नाटकवाल्यांची तिसरी घंटा झाल्याशिवाय पडदा उघडत नाही, तुमच्या वडिलांची गाडी दुसरीवरच सुटते. याचा उपयोग तुम्हाला करता येईल. मात्र एकदाच करा, दर प्रवेशाला घंटा वाजवलीत तर तिची गंमत जाईल.

शेवटाबद्दल माझे मत अधिक स्पष्ट आहे. प्रयोग ७ सप्टेंबर २०१८ च्या कात्रणावर संपवू नका. आदल्या दिवशी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, प्रौढांनी संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध कलम ३७७ खाली गुन्हा ठरणार नाहीत असा एकमुखाने निकाल दिला, तो क्षण मोठा होता, यात शंका नाही. ज्यांनी २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आल्यावर पेढे वाटले आणि डिसेंबर २०१३ मध्ये तोच निकाल उलटलेला पाहिला, त्यांना तो किती मोठा होता हे सांगायला नको. पण त्यावर दिवे मालवले, की प्रेक्षक टाळ्या वाजवून ‘चला, सुटले सगळे’ अशा समाधानाने घरी जातो. सगळे सुटलेले नाही, हे तुम्हाला माहीत आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहांना कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. त्या दिवशी तुमच्या घरात टीव्ही चालू होता का? बहिणीसाठी स्थळे पाहणाऱ्या आईने त्या दिवशी तुमच्याकडे पाहून काही विचारले का? त्या बातमीचे कात्रण वडिलांनी कापले का, आणि कापले असेल तर ते कुठे ठेवले? पेटीत एकच कात्रण असणे आणि दुसरे नसणे, हाही शेवट होऊ शकतो. कसा करायचा, ते तुम्ही ठरवा; मी फक्त सांगते, की घराची गोष्ट २०१८ मध्ये संपलेली नाही आणि प्रयोगानेही तिथे थांबू नये.

आता अकरावीतल्या मित्राविषयी, आणि इथे मी थोडी कडक होणार आहे. आईवडिलांची परवानगी तुमच्याजवळ आहे, कारण ते तुमच्या बाजूने उभे आहेत. या मुलाने तुम्हाला कसलीही परवानगी दिलेली नाही. त्याचे लग्न झाले आहे, म्हणजे त्याच्या गोष्टीत आता आणखी एक बाई आहे, जिला यातले काही माहीत असेल किंवा नसेलही. नाव बदलले, असे तुम्ही लिहिता. पण सांगलीत नाव बदलून माणूस लपत नाही. कोणत्या कॉलेजात होता, आयर्विन पुलावर कोणाबरोबर फिरायचा, गणपती पेठेत त्याच्या काकांचे दुकान कशाचे होते, यातला एक जरी तपशील कानावर पडला की वर्गातल्या चाळीस जणांना तो कोण हे कळेल. तुम्ही स्वतःबद्दल जगाला सांगायचे ठरवलेत, तो तुमचा निर्णय आहे. त्याच्याबद्दल सांगण्याचा निर्णय त्याचाच. त्याच्याशी आजही बोलणे असेल तर प्रवेश वाचून दाखवा आणि तो ‘नको’ म्हणाला तर काढून टाका. बोलणे नसेल तर त्याचे गाव, वर्ष, कॉलेज, शरीर, सवयी सगळे इतके बदला की तो स्वतः प्रेक्षकांत बसला तरी त्याला आपली आठवण येऊ नये. तसे करताना प्रवेश पडेल असे वाटले, तर तो पडू द्या.

हे सगळे संहिता पक्की होण्याआधी उरकायला हवे, आणि त्याला एक रुक्ष कारणही आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. या पद्धतीबद्दल रंगकर्मींची मते काय आहेत ते तुम्हाला ठाऊक असेलच. अमोल पालेकर तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयातही गेले होते. पण पद्धत आहे तोवर, जी संहिता तुम्ही पाठवाल तीच तुम्हाला बोलायची आहे. म्हणून आईशी बोलणे, मित्राचा प्रवेश, घरच्यांसमोर वाचन, हे आधी. मंडळाकडे टपाल त्यानंतर. घरच्या वाचनाला आई, वडील आणि बहीण तिघेही असावेत. वाचण्यापूर्वी त्यांना स्पष्ट सांगा, की प्रत्येकाला आपल्याबद्दलची एक गोष्ट काढायला सांगण्याचा हक्क आहे आणि तुम्ही ती वाद न घालता काढाल. एकच. कितीही काढता येतील असे म्हटले तर नाटक उरणार नाही, आणि एकही नाही म्हटले तर ते तिघे तुमच्या प्रयोगातले नेपथ्य होऊन बसतील.

बहीण, हो. तुमच्या पत्रात तिच्या स्थळांबद्दल आईची काळजी आहे, वडिलांची बेफिकिरी आहे, तुमचा संकोच आहे. तिचे स्वतःचे मत कुठेही नाही. तिला विचारलेत का? भावाविषयी सासरच्यांना लग्नाआधी सांगायचे की नाही, सांगायचे तर कोणी आणि केव्हा, हे तिने ठरवायचे आहे. अनेक मुली अशा वेळी म्हणतात, की ज्या घराला माझा भाऊ चालत नाही ते घर मला चालत नाही. काही तसे म्हणत नाहीत, आणि त्यांनाही तो अधिकार आहे. आईच्या ‘पुण्यात कर, सांगलीत नको’ या तोडग्याबद्दल मात्र मला शंका आहे. पुण्यातल्या शंभर माणसांच्या सभागृहात एकाने मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रण केले, की ते रात्रीच्या जेवणाआधी सांगलीतल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर येईल. म्हणून पुणे आधी आणि सांगली नंतर, हा क्रम ठेवा, पण गुपित राहील या भरवशावर ठेवू नका. नवा प्रयोग लहान सभागृहात, ओळखीच्या तोंडांपासून लांब रुळू द्यावा, हे नाट्यदृष्ट्याही शहाणपणाचे आहे. चित्रण करू नये अशी विनंती तिसऱ्या घंटेच्या आधी तुम्ही स्वतः बाहेर येऊन करा; ध्वनिमुद्रित सूचना कोणी ऐकत नाही. आणि बहिणीचे काय ठरते ते पाहून, वर्ष लागले तरी हरकत नाही, प्रयोग सांगलीला न्या. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथे ‘सीता स्वयंवर’ केले त्या गावाला आपल्याच मुलाचे नाटक पचणार नाही, असे मी मानायला तयार नाही.

आता “तुझं बरंय रे.” तुमच्या मित्राने हे रागाने म्हटले असेल असे मला वाटत नाही, त्याने फक्त जे खरे आहे ते म्हटले. तुमचे बरेच आहे. त्याची लाज वाटून घेऊ नका, आणि त्याबद्दल माफी मागणारा प्रवेशही लिहू नका. त्याची गोष्ट उसनी घेऊन आपल्या प्रयोगात दुःखाची भर घालू नका, ती त्याची आहे आणि त्याला हवी तेव्हा तो सांगेल. तुमच्या हाती एवढेच आहे, की चांगले आईबाप मिळणे ही तुमची कर्तबगारी असल्याच्या थाटात बोलायचे नाही, आणि ‘सगळ्या आईबापांनी माझ्या आईबापांसारखे व्हावे’ असा उपदेश शेवटी जोडायचा नाही. ज्याला घर सोडावे लागले त्याला तो उपदेश ऐकवत नाही, आणि ज्याने मुलाला घराबाहेर काढले तो तुमच्या प्रयोगाला येत नाही. येतात ते मधले लोक. ज्यांच्या मुलाने गेल्या महिन्यात काहीतरी सांगितले आहे आणि ज्यांना काय करावे ते कळत नाही, असे एक जोडपे प्रत्येक प्रयोगाला शेवटच्या रांगेत असेल असे समजून चाला. त्यांना मिरजेची वाट आणि सोळा सोमवार ऐकू येतील, कारण ते त्या वेळी तिथेच, त्या वाटेवर असतील.

प्रयोग संपल्यावर ही माणसे तुम्हाला रंगपटात गाठतील, त्याची तयारी ठेवा. घाम पुसत उभ्या उभ्या तुम्ही त्यांचे समुपदेशक होऊ शकत नाही, आणि होऊही नये. पुण्यात २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू झाली, मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट आहे, आणि ‘स्वीकार’ हा तर समलिंगी व ट्रान्स मुलामुलींच्या आईवडिलांनीच चालवलेला गट आहे. त्यांच्याशी आधी बोलून त्यांची माहिती असलेला एक कागद तिकीटखिडकीजवळ ठेवा. तुमच्या वडिलांशी बोलायची इच्छा कोणी दाखवली, तर ते बोलतील की नाही हेही त्यांना आधी विचारून ठेवा. निवृत्त कंडक्टर माणसांना कंटाळत नाही, पण प्रत्येक गाडीवर ड्युटी लागावी असे त्यालाही वाटत नसते.

राहिला पहिल्या रांगेचा प्रश्न. पहिल्या प्रयोगाला वडिलांना तिथे बसवू नका. ते तुमच्या नजरेच्या टप्प्यात असतील, तर मिरजेचा प्रवेश तुम्ही त्यांच्यासाठी कराल, त्यांचा चेहरा पाहून वाक्ये मऊ कराल, आणि बाकीच्या लोकांना कोणीतरी दुसऱ्याचे खासगी बोलणे चोरून ऐकल्यासारखे वाटेल. आठव्या-नवव्या रांगेत, वाटेलगतच्या खुर्चीवर त्यांना बसवा, शेजारी आई आणि पलीकडे बहीण. मध्येच उठून बाहेर जावेसे वाटले तर कोणाचे पाय न ओलांडता जाता आले पाहिजे. पहिली रांग पाच-सहा प्रयोगांनंतर द्या, तुमचे पाय रंगमंचावर स्थिर झाले की. आणि ते तिकिटाचे पैसे पुढे करतील तेव्हा घ्या. सुटे नसले तर परत द्यायचे विसरू नका.